रिम जुनी चालेल, रबर नको

मावशी, नमस्कार.

आम्ही मूळचे सांगलीचे. यंदा एप्रिलमध्ये ओटावाला आलो, बारहेवनला अपार्टमेंटमध्ये राहतो. ऑगस्टमध्ये २०१८ची कोरोला घेतली. मी ऑर्लीन्समधल्या एका केअर होममध्ये आजी-आजोबांची शुश्रूषा करते. ड्युटी साडेसहाला सुरू होते, म्हणून पावणेसहाला घर सोडावं लागतं. हा आमचा इथला पहिलाच हिवाळा.

गाडीला ऑल-सीझन टायर आहेत, नक्षीही बऱ्यापैकी शिल्लक आहे. ह्यांचं म्हणणं, नावातच सगळे सीझन आहेत, मग वेगळे टायर कशाला? ह्यांनी आंबा घाट रात्री धुक्यात उतरवलाय, त्यामुळे गाडीच्या बाबतीत माझं काही चालत नाही. मंडळाच्या गणपतीत विचारलं, तर चार जणांनी पाच सल्ले दिले. एक काका म्हणाले, पुढचे दोनच बदला, गाडी पुढच्या चाकांवर चालते. दुसरे म्हणाले, टायरवर पैसे घालण्यापेक्षा पुढच्या वर्षी ऑल-व्हील-ड्राइव्ह घ्या. गॅटिनोच्या वहिनी म्हणाल्या, अगं कायदाच आहे, नाही बसवले तर दंड होतो. दुकानात नावाजलेल्या कंपनीचे चार टायर ९४० डॉलर सांगितले, रिम घेतल्या तर वर ३६०. आमच्याकडे सगळं मिळून ८०० आहेत. ऑनलाइन एक जण २५० ला जुना सेट देतोय, 'दोनच हिवाळे वापरलेत' म्हणतो. घेऊ का? आणि ह्यांना कसं पटवू?

— स., ओटावा

प्रिय स.,

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. डॉलर, टायर, मंडळातले काका, सगळं तू लिहिलंस, पण ज्यावर निर्णय अडलाय ती गोष्ट जाता जाता लिहून गेलीस: पावणेसहा. जानेवारीत ओटावात सूर्य पावणेआठच्या आसपास उगवतो. म्हणजे तू निघशील तेव्हा मिट्ट काळोख, आणि त्या चोवीस तासांतली थंडी बहुतेक तेव्हाच सगळ्यात जास्त. रात्री बर्फ पडला असेल तर बर्फ ढकलणारा प्लाऊ आधी ४१७ हायवे आणि मोठे रस्ते साफ करतो. तुमच्या गल्लीचा नंबर शेवटी. रस्त्यावर टाकलेलं मीठही उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही, मग वाळू टाकतात. नऊ वाजता ऑफिसला निघणाऱ्याला जो रस्ता मिळतो तो तुझा रस्ता नव्हेच. मंडळात सल्ला देणाऱ्यांपैकी किती जण पावणेसहाला निघतात, हे विचारायला हवं होतंस. शिवाय तुला 'आज जरा उशिरा येते' म्हणायची सोय नाही, तिकडे रात्रपाळीची बाई तुझी वाट बघत असते.

तेव्हा उत्तर आधी देऊन टाकते: विंटर टायर घे, चारही घे, नवे घे, आणि स्टीलच्या रिमवर बसवून घे. ८०० मध्ये बसवता येईल. कसं ते खाली सांगते. आधी मिस्टरांचा मुद्दा.

सांगलीला डिसेंबरात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर काय व्हायचं? तेल तेच, बाटली तीच, पण थेंब पडायचा नाही. मग ती उन्हात ठेवायची नाहीतर गरम पाण्यात. शेंगतेल मात्र बाजूच्या कपाटात मजेत पातळ असायचं. रबराचं असंच आहे. ऑल-सीझनचं रबर उन्हाळ्यात झिजू नये, तापल्या डांबरावर मऊ पडू नये, असं बनवलेलं असतं. पारा सात अंशांच्या खाली गेला की ते हळूहळू कडक व्हायला लागतं, आणि उणे पंधराला तर टणक. टणक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दाबलं जात नाही, नुसतं वरून सरकतं. विंटर टायरचं रबर शेंगतेलाच्या जातीचं. त्यातलं मिश्रण वेगळं असतं, सिलिका भरपूर, म्हणून कडाक्याच्या थंडीतही ते लवचिक राहतं. यात बर्फाचा अजून संबंधच आलेला नाही, हे लक्षात घे. कोरड्या ठणठणीत रस्त्यावरही उणे वीसला फरक पडतो. 'यंदा बर्फ कमी आहे' म्हणून ऑल-सीझनवर हिवाळा काढणाऱ्यांचा हिशोब इथेच चुकतो.

दुसरा फरक नक्षीत. आपल्या भाषेत बर्फ म्हटलं की संपलं. सरबतातला बर्फ तोच, हिमालयातलाही तोच. टायरला मात्र एवढ्यावर भागत नाही. ताजा भुसभुशीत स्नो, गाड्यांनी दाबून घट्ट केलेला स्नो, अर्धवट वितळलेला स्लश आणि काचेसारखा आइस, असे निदान चार प्रकार त्याला सांभाळायचे असतात. ताज्या बर्फात रुंद, खोल खाचा लागतात. त्या खाचांत बर्फ भरतो, आपण पिठाचं मुटकं वळतो तसा दाबला जातो, आणि बर्फ बर्फाला धरतो. टायरच्या खाचेत बर्फ अडकलेला पाहून 'घाण भरली' असं वाटतं, पण तीच त्याची पकड. आइसवर मात्र खोल खाचांचा उपयोग नाही. तिथे कामाला येतात ठोकळ्यांवरच्या सुरीने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा. चाक टेकलं की त्या किंचित उघडतात, त्यांच्या कडा आइसला ओरखडतात आणि वरचं पाण्याचं पातळ पटल बाजूला सारतात. घसरवतं ते हे पटल. म्हणून उणे पंचवीसच्या आइसपेक्षा शून्याच्या आसपासचा ओला आइस जास्त वाईट. थंडी कमी झाली म्हणून आपण सैल होतो, आणि गाडी नेमकी त्याच दिवशी फिरते.

आता थोडं गणित. ताशी ५० किलोमीटरने जाताना करकचून ब्रेक दाबला, तर घर्षणांक (रस्त्यावरची पकड सांगणारा अंक) ०.७ असलेल्या कोरड्या डांबरावर गाडी साधारण १४ मीटरांत थांबते. हा अंक ०.२ वर आला, म्हणजे दाबलेल्या बर्फावर नेहमीचे टायर, तर ४९ मीटर. चांगल्या टायरने तो ०.३ वर नेला तर ३३. मधले सोळा मीटर म्हणजे रांगेत उभ्या तीन कोरोला, आणि झेब्रा क्रॉसिंगवरून चाललेला माणूस या तीन गाड्यांच्या जागेत कुठेतरी असतो. काचेसारख्या आइसवर अंक ०.१ धर: ९८ मीटर. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. वेग दुप्पट केलास तर यातला प्रत्येक आकडा चौपट होतो.

ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्या काकांचं उत्तर यातच आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून झोकात निघते, हे खरं. पण ब्रेक प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात, तुझ्या कोरोलालाही. थांबताना आणि वळताना ऑल-व्हील-ड्राइव्हची काही मदत होत नाही, उलट गाडी जड असते. मोठ्या हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी ४१७च्या कडेच्या चरात बघ, उताण्या पडलेल्यांत एसयूव्ही कमी नसतात. गाडी सहज निघाली, म्हणून ती थांबेलही, असा त्यांचा समज झालेला असतो.

दोनच टायर बदलायला सांगणाऱ्या काकांवर मात्र मी खरंच रागावले आहे. पुढे विंटर आणि मागे ऑल-सीझन लावलेस, तर पुढची चाकं रस्ता धरतील आणि मागची सुटतील. ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गर्रकन फिरते. सगळीकडे सारखेच वाईट टायर असतील तर गाडी निदान सरळ घसरते. दोनात पैसे वाचत नाहीत, अपघाताची दिशा तेवढी बदलते. चार म्हणजे चार, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे.

गॅटिनोच्या वहिनी खोटं बोलल्या नाहीत, पण त्यांचा कायदा नदीपलीकडचा आहे. क्युबेकमध्ये २००८च्या हिवाळ्यापासून विंटर टायर सक्तीचे आहेत. आता मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च, आणि दंड २०० ते ३०० डॉलर. पण ती सक्ती क्युबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना. तुमची नंबर प्लेट ओंटारिओची, त्यामुळे वहिनींकडे हळदीकुंकवाला गेलात म्हणून कोणी पावती फाडणार नाही. ओंटारिओत सक्ती नाही, पण एक सोय आहे, जी तुझ्या त्या ८०० डॉलरांच्या कामाची आहे: १ जानेवारी २०१६ पासून इथल्या विमा कंपन्यांना विंटर टायरसाठी सवलत द्यावीच लागते. किती, ते कंपनीगणिक बदलतं. तू मागितल्याशिवाय बहुतेक जण देत नाहीत. टायर बसवले त्याच दिवशी फोन कर आणि पावती जपून ठेव.

आता खरेदी. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चित्र कोरलेलं असतं. ते असेल तरच पुढे बोलायचं. ते चित्र मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावरच्या पकडीची ठरलेली चाचणी पार करावी लागते. तुमच्या आत्ताच्या टायरवर बहुतेक एम आणि एस ही अक्षरं सापडतील, म्हणजे मड आणि स्नो. मिस्टर ती बोट ठेवून दाखवतील. त्या अक्षरांना बर्फावरची कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही, ती नक्षीच्या आकारावरून मिळतात. क्युबेकचा कायदाही नुसती अक्षरं मानत नाही, डोंगर मागतो.

डोंगर असलेले टायर दोन जातींचे, आणि दुकानात इथे गोंधळ उडतो. एक खरे विंटर, जे एप्रिलमध्ये काढायचे. दुसरे ऑल-वेदर, जे बारा महिने चालतात. नाव ऑल-सीझनच्या जवळचं, पण वस्तू वेगळी, आणि माझ्या मते ती वाईट नाही. टोरंटोत राहणारा, घरून काम करणारा, वादळाच्या दिवशी गाडी न काढणारा असेल, तर मी त्याला बेलाशक ऑल-वेदर सांगेन. टायर ठेवायला जागा नको, वर्षातून दोनदा दुकानाच्या रांगेत उभं राहणं नको. पण आइसवर आणि उणे वीसला ते खऱ्या विंटरच्या मागेच पडतात. ओटावात वर्षाला दोन मीटरहून जास्त बर्फ पडतो आणि तू निघणार पावणेसहाला. तुला खरे विंटरच. पैशाचं गणित अजिबातच जमलं नाही, तर ऑल-वेदर ही दुसरी पायरी. ऑल-सीझनवर हिवाळा काढणं ही पायरीच नाही.

कंपनी कोणती? लोक यावर तासन् तास भांडतात. फिनलंडची नोकियान १९३०च्या दशकापासून हिवाळी टायर करते आहे, तिचा हाक्कापेलिट्टा तिकडे घरोघरी ठाऊक. जपानात धातूचे खिळे बसवलेल्या टायरांनी रस्ते खरवडून शहरांत धुळीचे लोट उठायला लागले, तेव्हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी खिळेच बंद केले. बिनखिळ्यांचा टायर आइसवर कसा धरेल यावर तिथे जी मेहनत झाली, त्यातून ब्रिजस्टोनच्या ब्लिझॅकसारखा टायर नावारूपाला आला. मिशेलिनचा एक्स-आइस टिकायला चांगला. हे तिन्ही उत्तम आणि तिन्ही महाग. पण पहिल्या नंबरच्या आणि मधल्या किमतीच्या विंटर टायरमधलं अंतर, हे मधल्या विंटर आणि उत्तम ऑल-सीझनमधल्या अंतरापेक्षा खूप कमी आहे. ९४० वाला सेट सोडून दे. त्याच दुकानात 'डोंगराचं चित्र असलेला मधल्या किमतीचा दाखवा' म्हण. अजिबात न ऐकलेल्या नावाचा सगळ्यात स्वस्त मात्र टाळ. खिळेवाल्यांचा विचारही करू नको, ओंटारिओत ते फक्त उत्तरेकडच्या रहिवाशांना चालतात, ओटावा त्यात येत नाही.

आणि आता पैसे खरोखर वाचतात ती जागा. तुझ्या टायरवर २०५/५५ आर १६ असं काहीतरी लिहिलेलं असेल. रुंदी २०५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. याच कोरोलाचं साधं मॉडेल १९५/६५ आर १५ वर यायचं. दोन्ही टायरांचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच, दोन-तीन मिलिमीटरचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. पंधरा इंची टायर स्वस्त पडतो. शिवाय अरुंद टायर ताज्या बर्फात रुंद टायरपेक्षा चांगला खाली उतरतो, रुंद टायर वर तरंगायला बघतो. रबराची भिंत उंच, म्हणून मार्चमधल्या खड्ड्यांत रिम वाकायची भीतीही कमी. दुकानदाराला एवढंच विचार की माझ्या गाडीच्या ब्रेकवर १५ची स्टीलची रिम बसते ना. तो यादीत बघून सांगेल.

रिम जुन्या घेतल्या तरी चालतील. स्टीलची रिम गंजलेली दिसेल, तिला कोणी बघत नाही. वाकलेली नको, तडा नको, आणि नटांच्या भोकांचं माप जुळलं पाहिजे. पण रबर जुनं घेऊ नको, आणि इथे मी तुझ्या २५० वाल्या माणसाकडे येते. तो खोटं बोलत असेल असं नाही. पण 'दोन हिवाळे' ही त्याची आठवण आहे, टायरची जन्मतारीख टायरवरच असते. डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: ३५१७ असेल तर २०१७चा पस्तिसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी वयाने कडक होतं, आणि मऊपणासाठीच तर आपण पैसे देतो. सहा वर्षांपुढचा सेट फुकट दिला तरी नको म्हण. मग खाचांची खोली. नवा विंटर टायर आठ-नऊ मिलिमीटरचा असतो, चारच्या आसपास आला की बर्फात त्याच्यावर भरवसा नाही. तुझ्या मिस्टरांच्या भाषेत सांगायचं तर टायर अजून गोटा झालेला दिसत नाही, पण बर्फाच्या दृष्टीने झालेला असतो. तरी त्या माणसाकडे जाऊन ये. सेट रिमवर बसवलेला असेल, माप जुळत असेल आणि रिम सरळ असतील, तर घासाघीस करून रिमसाठी घे आणि रबर दुकानात काढून टाकून द्यायला सांग.

रिम कशाला, ऑक्टोबरात टायर काढून त्याच रिमवर दुसरे चढवता येतात की, असं कोणीतरी म्हणेल. येतात. पण दर वर्षी दोनदा रबर रिमवरून उपटायचं आणि चढवायचं, दोनदा बॅलन्सिंग करायचं, दोनदा त्याची मजुरी द्यायची. दोन-तीन वर्षांत रिमचे पैसे तिथेच निघतात. स्वतंत्र रिम असली की नुसते नट काढायचे, नट लावायचे. आणखी एक हिशोब मिस्टरांना सांग: विंटर टायर धावत असतात तेव्हा ऑल-सीझन झिजत नाहीत. खर्च दुप्पट वाटतो, पण दोन्ही सेट जास्त वर्षं जातात. फक्त एप्रिलमध्ये काढायचा आळस करायचा नाही. मऊ रबर तापल्या डांबरावर भराभर झिजतं, आणि उन्हाळ्यात ब्रेकलाही कमी पडतं.

माझा पहिला हिवाळा १९९७चा. जुनी सिव्हिक, वर हेच 'सगळे सीझन'. डिसेंबरातल्या एका सकाळी उतारावरच्या स्टॉपच्या पाटीपाशी मी ब्रेक दाबला आणि गाडी माणसाच्या चालीने, अगदी सावकाश, चौकात गेली. मी ब्रेकवर उभी, स्टीअरिंग हातात, आणि गाडी तिच्या मनाने चाललेली. समोरून बस आली नाही, एवढंच. पलीकडच्या टपालपेटीला टेकून थांबली. पुढच्या महिन्यात, जानेवारी १९९८ मध्ये, ते प्रसिद्ध आइस स्टॉर्म झालं, गोठत्या पावसाने विजेचे मनोरे आडवे झाले, आणि आम्ही सगळेच घरात बसलो. तेव्हापासून एक कळलं: फ्रीझिंग रेनचा इशारा असेल त्या दिवशी कुठलाच टायर पुरत नाही. त्या दिवशी केअर होमला फोन करायचा, लाजायचं नाही. असे दिवस हिवाळ्यात थोडेच असतात, पण असतात.

दुकानात गेल्यावर एक डोळा ठेव. काही विंटर टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. मला एका दुकानाने उजवीकडचे दोन उलटे बसवून दिले होते. महिन्याने गाडी धुताना बाण मागे बघताना दिसले, तोवर मी 'यंदाचे टायर काही खास नाहीत' असं सगळ्यांना सांगत फिरत होते. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी फेरी मार. बाण पुढे. आणि शंभरेक किलोमीटर झाले की परत जाऊन नट आवळून घे. बहुतेक दुकानं हे फुकट करतात, आपणच जात नाही.

हवेचंही बघ. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) उतरते. उबदार गॅरेजमध्ये वीस अंशांना भरलेली हवा बाहेर उणे वीसला सात पीएसआय कमी भरते. म्हणून महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपास, आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा घे. टायरवर लिहिलेला असतो तो कमाल आकडा. डॅशबोर्डावर हवेचा दिवा असेल तर नव्या रिममध्ये सेन्सर नसल्यामुळे तो हिवाळाभर पेटलेला राहू शकतो. घाबरू नको, पण मग हवा तपासायचं काम तुझं. उतरवलेला सेट बाल्कनीत उन्हात ठेवू नको. इमारतीत लॉकर असेल तर तिथे आडवे एकावर एक, नाहीतर दुकानं वर्षाच्या भाड्याने ठेवून घेतात. काढताना खडूने लिही, पुढचं डावं, मागचं उजवं. एप्रिलमध्ये चार टायर सारखेच दिसतात.

कधी बसवायचे? पहिल्या बर्फाच्या बातमीनंतर अख्खं ओटावा एकाच दिवशी टायरच्या दुकानात जातं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळते. इथली थँक्सगिव्हिंगची सुट्टी ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते. त्याआधी अपॉइंटमेंट घे, महिना संपेपर्यंत टायर गाडीवर चढले पाहिजेत. तुझं निघणं पहाटेचं, म्हणजे सात अंश तुला इतरांपेक्षा आधी गाठणार.

राहिले मिस्टर. आंबा घाट धुक्यात उतरवलेल्या माणसाशी 'तुम्हाला गाडी येत नाही' या सुरात बोललीस तर संपलं. त्यांना एवढंच विचार, की जूनच्या पहिल्या पावसात घाटात गाडी कशी चालवायचात? ते सांगतील: हळू, कारण रस्त्यावर धूळ आणि तेलाचा थर ओला झालेला असतो, ब्रेकवर भरवसा नसतो. मग म्हण, इथे डिसेंबर ते मार्च तो पहिला पाऊसच चालू असतो. आणि खरेदी त्यांच्यावर सोपव. अटी तू घाल: डोंगराचं चित्र, १५ इंची, गेल्या दोन वर्षांत बनलेले, एकाच जातीचे चार, जुन्या रिमसकट आणि मजुरीसकट ८००च्या आत. अशी शोधाशोध त्यांना आवडेल बघ. आठ दिवसांत तेच मंडळात दुसऱ्यांना सल्ले देतील.

पहिला जाडसर बर्फ पडेल त्या रविवारी एखादं मोठं रिकामं पार्किंग शोधा, आधी विचारून, जिथे मधे खांब आणि कठडे नाहीत असं. ताशी तीसपर्यंत न्यायची आणि ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. पायाखाली थरथर होईल, घरघर आवाज येईल. ती एबीएसची आहे, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेची, पाय काढायचा नाही. मग ब्रेक दाबलेला असतानाच थोडं वळून बघायचं. गाडी किती अंतरात थांबते ते पावलांनी मोजा, पाच-सहा वेळा करा. पावणेसहाचा रस्ता तुझा आहे, म्हणून आधी तू चालव. त्यांना शेजारी बसव.

— मावशी